बिनसाखरेचा पेला कुणाचा?

माननीय संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

आपल्या गेल्या रविवारच्या पुरवणीत परदेशातील सौम्य रहस्यकथांविषयी, म्हणजे इंग्रजीत ज्यांना 'कोझी मिस्टरी' म्हणतात त्या कथांविषयी, एक लेख प्रसिद्ध झाला. लेख मेहनतीने लिहिला होता यात शंका नाही. परंतु शेवटी लेखक असा निर्वाळा देतात की, चहाच्या दुकानाची मालकीण खुनाचा छडा लावते ही कल्पनाच मुळात पोरकट आहे, चहाचे दुकान ही साहेबाच्या संस्कृतीतली वस्तू आहे आणि असल्या कथा आपल्या मातीत रुजणार नाहीत. मी फोंडा तालुक्यातील एका नाक्यावर गेली एकतीस वर्षे चहाचे दुकान चालवतो (गावातले लोक त्याला हॉटेल म्हणतात, फलकावरही तसेच लिहिले आहे), आणि लेखकांनी ज्या मालिकेचा दाखला दिला तिची सात पुस्तके, बेताच्या इंग्रजीच्या आणि मुलीने दिलेल्या शब्दकोशाच्या आधाराने, मी वाचली आहेत. तेव्हा या विषयावर बोलण्याचा अधिकार मला दोन्ही बाजूंनी पोचतो असे समजून हे पत्र लिहीत आहे. ते लांबले आहे. काटछाट आपण कराच, फक्त बिनसाखरेच्या चहाचा मजकूर तेवढा राहू द्यावा ही विनंती.

प्रथम त्या मालिकेविषयी. लॉरा चाइल्ड्स या टोपणनावाने लिहिणाऱ्या अमेरिकन लेखिकेचे 'डेथ बाय दार्जिलिंग' हे पहिले पुस्तक २००१ साली आले आणि आजवर या मालिकेत पंचवीसहून अधिक पुस्तके झाली. नायिका थिओडोशिया ब्राउनिंग ही जाहिरातीच्या धंद्यातली बरी नोकरी सोडून दक्षिण कॅरोलायनातील चार्ल्स्टन शहरात, चर्च स्ट्रीटवर, चहाचे दुकान काढते. चहाची मिश्रणे करणारे ड्रेटन हे वयस्क गृहस्थ, भट्टी सांभाळणारी हेली ही तरुण मुलगी आणि अर्ल ग्रे नावाचा कुत्रा हा तिचा परिवार. पहिल्याच पुस्तकात जुन्या घरांच्या वार्षिक सहलीत, तिच्याच दुकानाचा चहा दिला जात असताना, एक बांधकाम व्यावसायिक हातातल्या कपासकट मरून पडतो आणि बोट साहजिकच चहाकडे दाखवले जाते. दुकानाची अब्रू वाचवायची तर खरा गुन्हेगार शोधण्यावाचून तिला गत्यंतर नसते. या कारणात मला तरी पोरकटपणा दिसत नाही. ज्याच्या दुकानातल्या पातेल्याबद्दल गावात एकदा कुजबुज झाली आहे, त्या माणसाला विचारून पाहावे.

चार्ल्स्टन हे बंदराचे शहर आहे, तेथे चर्चचे मनोरे इतके की लोक त्याला पवित्र नगर म्हणतात, हवा दमट, जुन्या घरांना लांबच लांब ओसऱ्या, आणि त्या घरांवर डोळा ठेवून असलेले पैसेवाले. हे वर्णन वाचताना मला पणजीतल्या फोंतेन्हासच्या गल्ल्यांपासून सासष्टीच्या बाल्कांवांपर्यंत (दाराशी बसायच्या ओसऱ्यांपर्यंत) सगळे आठवत गेले. शिवाय त्या शहराशी चहाचा संबंध जुना आहे. १७७३ च्या डिसेंबरात, बोस्टनच्या लोकांनी चहाच्या पेट्या समुद्रात फेकल्या त्याच महिन्यात, चार्ल्स्टनमध्ये आलेला चहा जप्त होऊन तेथल्या एक्स्चेंज इमारतीच्या तळघरात पडून राहिला. आजही शहराजवळच्या वॉडमलॉ बेटावर चहाचा मळा आहे. म्हणजे लेखिकेने चहाचे दुकान त्या शहरात उगाच नेऊन ठेवलेले नाही.

आता 'साहेबाची वस्तू' या विधानाबद्दल. इंग्रजांच्या दरबारात चहाची गोडी लावली ती १६६२ साली दुसऱ्या चार्ल्सची राणी होऊन गेलेल्या पोर्तुगालच्या कातारीना राजकन्येने, तीच कातारीना जिच्या आंदणात मुंबईची बेटे इंग्रजांना मिळाली. इंग्रज 'टी' म्हणतात, पोर्तुगीज मात्र मकावच्या चिनी लोकांकडून उचललेला 'शा' हा शब्द वापरतात, आणि आपला चहा, कोकणीतला 'च्या', त्याच घराण्यातला आहे. चहाचा शिष्टाचार साहेबाने शिकवला असे गोव्यातल्या माणसाने तरी म्हणू नये.

'कोझी' या शब्दाची गंमत अशी की, किटलीवर घालायच्या उबदार टोपीलाही तोच शब्द आहे. आमच्या आजीच्या वेळेपासून घरोघरी ती 'टीकोझी' म्हणून होती आणि तिच्यावर मोराचे भरतकाम असे. या प्रकारच्या कथांसाठी अमेरिकेत १९८९ पासून जे अगाथा पारितोषिक दिले जाते, त्याचे मानचिन्हही चहाची किटलीच आहे. ज्या अगाथा ख्रिस्तीबाईंच्या नावाने ते दिले जाते, त्यांची मिस मार्पल १९३० साली पहिल्यांदा कादंबरीत आली. ही म्हातारी विणकाम करत बसते, कुणाच्या बागेत कोण केव्हा गेले ते पाहते, आणि समोरच्या संशयिताला पाहून तिला आपल्या गावातला मासळीवाला किंवा मोलकरीण आठवते. शितावरून भाताची परीक्षा, एवढेच तिचे शास्त्र. आपल्याकडे अशी माणसे गावोगाव आहेत, फक्त त्यांना कुणी कथेत घेतले नाही.

मराठीत रहस्यकथेची परंपरा दांडगी आहे आणि माझी वाचनाची सवय तिनेच लावली. बाबूराव अर्नाळकरांचे झुंजार आणि काळा पहाड, गुरुनाथ नाईकांचा कॅप्टन दीप, ही पुस्तके आम्ही भाड्याने आणून रात्री चिमणीच्या उजेडात संपवत असू, कारण सकाळी परत द्यायची असत. त्यांची निंदा माझ्याकडून होणार नाही. मात्र त्या नायकांच्या हाती पिस्तूल असे, दाराशी मोटार असे आणि काम प्रायः मुंबईत असे. कान देऊन ऐकणारा, उधारीच्या वहीत बोट घालून विचार करणारा, पोलीस पाटलालाही अदबीने चहा देणारा नायक आम्हाला भेटला नाही. मातीत काही कमी आहे असे लेखक म्हणतात, ते खरे नाही. बी पेरलेच गेले नाही इतकेच.

चहावाल्याला हेरगिरी जमेल काय, या प्रश्नावर मी माझाच एक अनुभव सांगतो. त्यात खून नाही, मारामारी नाही, आणि माणसांची नावे मी मुद्दाम घेत नाही.

पावसाळ्यातली गोष्ट. आमच्या दुकानात आपले दैनिक सकाळी सहाच्या सुमारास येते आणि पहिल्या टेबलावर पडते. तेथून ते हातोहाती फिरत दुपारपर्यंत भिजून, सुरकुतून, पान-पान वेगळे होऊन गल्ल्याजवळ परत येते. त्या दिवशी सव्वासातलाच आरडाओरड झाली. सातव्या पानाला हाताच्या पंजाएवढे चौकोनी भोक पडले होते आणि त्यामागच्या, म्हणजे आठव्या पानावरच्या, फुटबॉलच्या बातमीचा अर्धा भाग त्यात गेला होता. गोव्यात फुटबॉलची बातमी कापणे हा स्वतंत्र गुन्हा असल्यामुळे त्यावर बराच वेळ चर्चा झाली. मला आधी वाटले, लॉटरीचा निकाल कुणी कापून नेला असावा. पण लॉटरीचा निकाल दुसऱ्याच पानावर शाबूत होता.

मी ते पान हातात घेऊन पाहिले. कापलेल्या कडा सरळ होत्या, फाटलेल्या नव्हत्या, आणि दोन बाजूंना बोटाला किंचित ताठ, चिकट लागत होत्या. वास घेतला तर दुधाचा. आमच्याकडे दुधाच्या पिशव्या कापायची कात्री गल्ल्याशेजारी खिळ्याला दोरीने टांगलेली असते, आणि कितीही पुसली तरी तिच्या पात्यांवर दूध वाळलेले असतेच. म्हणजे कात्री माझीच होती, आणि दोरीच्या लांबीमुळे ती फक्त पहिल्या टेबलाच्या आतल्या खुर्चीवर बसलेल्याच्या हाती लागू शकत होती. खालच्या, नवव्या पानावर पेल्याच्या बुडाचा एक गोल उमटला होता. दुधाच्या चहाचा डाग वर्तमानपत्राच्या कागदावर पडला तर त्यातल्या स्निग्धांशामुळे कागद तेलकट, पारदर्शक होतो आणि कड फिकट राहते. हा गोल तसा नव्हता. कड बारीक, रेघ ओढल्यासारखी गडद, आणि आतला कागद कोरडा. तो कोऱ्या चहाचा होता. कोरा चहा घेणारी गिऱ्हाइके त्या काळी माझ्याकडे दोनच. एक निवृत्त मास्तर, ते आठच्या आधी घराबाहेर पडत नाहीत. दुसरे एक गृहस्थ पोदेराच्या, म्हणजे पाववाल्याच्या, सायकलचा भोंगा वाजला की पाच मिनिटांत येतात, एक कोरा चहा आणि एक उंडो (गोल पाव) घेतात आणि सातच्या आत जातात.

शेजारच्या गाड्यावरून मी त्याच दिवसाचा दुसरा अंक विकत आणला. त्या चौकोनात एका वकिलाने दिलेली जाहीर नोटीस होती. अमुक गावातला, अमुक सर्व्हे क्रमांकाचा बागायती भाग आमचे अशील विकत घेत आहेत, कुणाची हरकत असल्यास पुराव्यासह चौदा दिवसांत कळवावी, या छापाची. विकणाऱ्याचे नाव त्या कोऱ्या चहाच्या गृहस्थांचे होते. त्यांचे वडील भाऊ रोज साडेआठला माझ्याकडे येतात, भाजी-पाव आणि चहा घेतात आणि फुकटचे वर्तमानपत्र पहिल्या ओळीपासून जाहिरातींसकट वाचतात, हे साऱ्या गावाला ठाऊक आहे. बागायतीची वाटणी कधी कागदावर झाली नव्हती, हेही.

मी कुणाला काही बोललो नाही. साडेआठला वडील भाऊ आले तेव्हा नवा अंक सातवे पान वर करून त्यांच्यासमोर ठेवला आणि पातळ भाजीची वाटी आणायला आत गेलो. बाहेर आलो तर त्यांनी चष्मा पुसायला काढला होता. चहा त्यांनी शेवटच्या घोटापर्यंत घेतला, भाजीला हात लावला नाही, आणि फोंड्याची बस पकडली. पुढचे त्यांच्या घरातले आहे. धाकटे अजूनही येतात, कोरा चहाच घेतात, आमचे बोलणेही पूर्वीसारखेच आहे. कात्री मात्र मी आता आत ठेवतो.

ही बढाई म्हणून सांगितलेली नाही. दुकानदाराला त्यात विशेष काही करावे लागले नाही. कोण केव्हा येतो, काय घेतो, कुठल्या खुर्चीत बसतो हे त्याला पाठच असते, आणि रोजच्या पाठातला एक शब्द चुकला की ते कानाला लागते. पोलिसांना ही माहिती जमवायला आठवडा लागेल, शिवाय पोलीस दिसला की निम्मी माणसे आपल्या सवयी बदलतात. चहावाल्यासमोर कुणी सवय बदलत नाही.

तेव्हा चहाच्या दुकानातले रहस्य हे चहातूनच सुटले पाहिजे, हा माझा आग्रह आहे, आणि परदेशी मालिकेबद्दल माझी मुख्य तक्रारही इथेच आहे. तिथे पाने, पाण्याचे तापमान, मुरवण्याचा वेळ यांची वर्णने भरपूर येतात, पुस्तकाच्या शेवटी पाककृतीही असतात (त्यातल्या एका केकवर मी नारळाचे दूध घालून प्रयोग केला, तो फसला), पण मी वाचलेल्या सातांपैकी निम्म्या पुस्तकांत उकल होते ती कुणाच्या तोंडून निसटलेल्या शब्दाने किंवा नायिका एकटीच अंधारात गेली म्हणून. चहा तेवढा बाजूला वाफाळत राहतो. ख्रिस्तीबाईंचे तसे नव्हते. पहिल्या महायुद्धात त्यांनी इस्पितळाच्या औषधालयात काम केले होते, आणि १९२० सालच्या त्यांच्या पहिल्या कादंबरीतला विषप्रयोग त्या औषधालयाच्या फळीवरूनच उतरला आहे. रोनाल्ड नॉक्स या धर्मगुरू लेखकाने १९२९ साली रहस्यकथेचे दहा नियम घालून दिले. त्यांपैकी दोन मला फार पटतात. आजवर कुणाला ठाऊक नसलेले विष वापरू नये, आणि शोधकाला सापडलेला दुवा वाचकापासून लपवू नये. चहाच्या दुकानात हे दोन्ही नियम आपोआप पाळले जातात, कारण तिथले सगळे उघड्यावर असते.

मात्र थिओडोशियाबाईंचे दुकान आणि माझे दुकान यांत एक मूलभूत फरक आहे, आणि मराठीत अशी मालिका लिहू पाहणाऱ्याने तो आधी ध्यानात घ्यावा. तिच्याकडे प्रत्येक टेबलाला वेगळी किटली, वेगळी पाने. त्यामुळे एका टेबलावरच्या एकाच माणसाला गाठणे गुन्हेगाराला सोपे. माझ्याकडे टोप एक. त्यात पाणी, आले, सीटीसीची डस्ट (चहाची बारीक भुकटी), साखर आणि दूध एकत्र उकळते, फडक्याने गाळून किटलीत जाते, आणि त्या एका किटलीतून वीस पेले भरले जातात. त्या टोपात कुणी काही मिसळले तर वीस माणसे आजारी पडतील, एक मरणार नाही. म्हणजे आपल्या कथेतल्या गुन्हेगाराला किटलीपासून टेबलापर्यंतच्या दहा पावलांतच काय ते करावे लागेल. तिथे पेले उचलणारा पोरगा आहे, हात लांब करून ट्रेमधला पेला घेणारा शेजारी आहे, आणि गल्ल्यावर बसून हे सर्व पाहणारा मी आहे.

यातून सुटका एकाच ठिकाणी आहे. साखर टोपातच पडत असल्यामुळे ज्यांना मधुमेह आहे त्यांचा चहा वेगळ्या लहान भांड्यात करावा लागतो. दुकानातला बिनसाखरेचा पेला हा एकमेव असा पेला, ज्याच्यावर जवळजवळ माणसाचे नाव लिहिलेले असते. ट्रेमध्ये तो ओळखू यावा म्हणून आमच्याकडे त्यात चमचा उभा ठेवतात. नेहमीच्या गिऱ्हाइकांना ही खूण माहीत असते. आता समजा, ज्या दिवशी गुन्हेगाराने त्या चमच्यावर नेम धरला, त्याच दिवशी बांबोळीच्या इस्पितळातून तपासण्यांचे निकाल घेऊन आलेल्या दुसऱ्याच एका माणसाने आयुष्यात पहिल्यांदा बिनसाखरेचा चहा मागितला. ट्रेमध्ये दोन चमचे. पोलीस मेलेल्या माणसाचे वैरी शोधत राहतील आणि त्यांना एकही सापडणार नाही, कारण त्याला कुणी मारायला निघालेच नव्हते. त्या सकाळी दोन चमचे का होते, हे फक्त दुकानदार सांगू शकेल. तेही त्याला लगेच सुचणार नाही. रात्री भांडी मोजताना लहान भांड्याला आज दोनदा चहाचा काळा थर बसला आहे हे दिसेल, तेव्हा सुचेल. हे कथाबीज मी आपल्या लेखकांना विनामूल्य देत आहे. त्याला जोडून आणखी एक: दुधाचा चहा ठेवला की काही मिनिटांत त्यावर सायीचा पापुद्रा धरतो. मेलेल्या माणसाचा पेला भरलेलाच असेल आणि त्यावरचा पापुद्रा अखंड असेल तर त्याने त्या पेल्याला ओठ लावलेला नाही, आणि मग विष त्या चहातून गेलेलेच नाही.

हेतूंबद्दल तर गोव्याला बाहेरून काही आणावे लागणार नाही. इंग्रजी कथेतली श्रीमंत मावशी 'मृत्युपत्र बदलीन' अशी धमकी देते आणि त्याच रात्री मरते. आपल्याकडे १८६७ च्या पोर्तुगीज दिवाणी कायद्यापासून चालत आलेली रीत अशी की, ठरावीक कारणांखेरीज मुलांना अर्ध्या मिळकतीतून बेदखल करता येत नाही, लग्न होताच बहुधा नवरा-बायकोची मालमत्ता सामाईक होते, आणि स्थावर विकायचे तर दोघांची संमती लागते. वारसाहक्काचा भाग आता २०१२ च्या गोव्याच्या कायद्यात गेला आहे, तत्त्व तेच आहे. त्यामुळे मावशीची धमकी इथे निम्मीच चालते. त्याऐवजी इथे सही चालते. परदेशात गेलेल्या भावाची सही, फारकत न घेता वेगळ्या राहणाऱ्या बायकोची सही, इन्व्हेंटरीत, म्हणजे वारसांच्या वाटणीच्या कज्ज्यात, नाव राहून गेलेल्या पुतणीची सही. त्यात मुंडकाराचे (दुसऱ्याच्या जमिनीत घर करून राहणाऱ्याचे) घर, कोमुनिदादीची (गावाच्या सामाईक संस्थेची) जमीन आणि कुणालाच धड वाचता न येणारे पोर्तुगीज दस्तऐवज यांची भर घाला. बनावट कागदपत्रांनी जमिनी हडपल्याच्या तक्रारी इतक्या वाढल्या की २०२२ साली सरकारला त्यासाठी विशेष तपास पथक नेमावे लागले. ज्या गावात सहीसाठी माणसे वर्षानुवर्षे एकमेकांच्या उंबऱ्याशी खेटे घालतात, तिथे पाणी कुठे मुरते आहे हे चहाच्या दुकानात बसल्याशिवाय कळायचे नाही.

लेखकांचा एक आक्षेप मात्र रास्त आहे. या मालिकांतले पोलीस नायिकेला तपासाची माहिती फारच सहज देतात. आपल्याकडे हौशी शोधकाला कुणी ठाण्याच्या आतल्या खोलीत घेणार नाही, आणि ते योग्यच आहे. पण कायद्याने एक खिडकी उघडी ठेवली आहे. पोलीस अधिकाऱ्यासमोर दिलेला कबुलीजबाब आरोपीविरुद्ध पुरावा म्हणून चालत नाही. हा नियम १८७२ च्या पुरावा कायद्यात होता, आणि २०२४ च्या जुलैपासून लागू झालेल्या नव्या अधिनियमातही आहे. तिऱ्हाईत माणसाजवळ दिलेली कबुली न्यायालय विचारात घेऊ शकते, मात्र तिला दुबळा पुरावा समजून दुसरा आधार मागते. म्हणजे पहाटे साडेपाचला, दुकान पुरते उघडण्यापूर्वी, पावसात भिजून आलेला माणूस पहिला चहा घेताना जे बोलून जातो, ते निरीक्षकापेक्षा चहावाल्याच्या कानावर पडलेले बरे. मराठी कथेचा शेवट म्हणून मला हा प्रसंग कुठल्याही पाठलागापेक्षा अधिक भावेल, आणि त्यापुढे आधार शोधायचे काम उरेलच.

भाषेचा प्रश्न लेखकांनी मांडला नाही, मी मांडतो. आमच्या दुकानात वर्तमानपत्र मराठीत वाचले जाते आणि त्यावरचे भांडण कोकणीत होते. "एक च्या दी मरे, साकर उणी" असे म्हणणारा माणूस कथेत "कृपया मला कमी साखरेचा एक चहा द्यावा" असे म्हणू लागला तर गोव्यातला वाचक पहिल्याच पानावर पुस्तक मिटेल. निवेदन मराठीत आणि संवाद जसे होतात तसे, ही जोडणी आमच्या नाटकमंडळींना अवघड गेलेली नाही, कथाकारांनाही जाऊ नये. १९८७ च्या राजभाषा कायद्याच्या वेळचे वाद मी पाहिले आहेत, त्या काळातही दोन्ही बाजूंची माणसे एकाच टोपातला चहा घेत होती.

प्रेतांच्या संख्येबद्दल थोडे. पंचवीस पुस्तके म्हणजे एका दुकानाच्या आसपास किमान पंचवीस खून. इतके झाल्यावर त्या गल्लीत चहा प्यायला कोण येईल, हा धंद्यातला प्रश्न मला वाचताना सारखा पडत असे. आपल्याकडे दर कथेत खून हवाच असे नाही. चवथीच्या माटोळीतून (गणपतीवर फळे-फुले टांगायच्या चौकटीतून) नाहीशी झालेली वस्तू, देवळाच्या फंडपेटीचा न जुळणारा हिशेब, निनावी पत्रे, बदललेला सर्व्हेचा दगड, यांवर वाचक रात्रभर जागा राहील. खून वर्षातून एखादा पुरे.

म्हणून आपणास विनंती अशी की, रविवारच्या पुरवणीत परदेशी मालिकांचे परिचय जरूर छापावेत, परंतु त्यासोबत गोव्यातल्या एखाद्या चहाच्या दुकानात घडणारी मराठी रहस्यकथा क्रमशः सुरू करावी. मालकीण असावी, मालक नको, कारण बायकांच्या कानावर जे पडते त्याच्या निम्मेही आमच्या कानावर पडत नाही. हे मी माझ्या पत्नीला गल्ल्यावर बसवल्या दिवसापासून पाहतो आहे. दुकानाविषयी काही विचारायचे असल्यास लेखकाने सकाळी दहानंतर यावे. त्याआधी मला उसंत नसते.

अंक कापला जाईल ही भीती बाळगू नये. त्या पावसाळ्यापासून माझ्या दुकानात आपल्या दैनिकाचे दोन अंक येतात, एक टेबलावर पडतो आणि दुसरा गल्ल्याखाली असतो.

आपला,
एक चहा-दुकानदार वाचक
फोंडा, गोवा